कोल्हापूरहून नेपाळला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, लुंबिनी, पोखरा: कोल्हापूर, सांगली आणि निपाणी पट्ट्यातून निघणाऱ्या बहुतेक सहलींचा मार्ग हाच. नेपाळला व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना माहीत असते. मात्र व्हिसा नाही म्हणजे कागदच नाहीत, असा समज करून घेतला की गडबड होते. खालचे प्रश्न त्यातूनच येतात.

व्हिसा खरंच लागत नाही का?

नाही. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भारतीय नागरिकाला व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावर व्हिसाचे शुल्कही नसते. ‘भारतीयांसाठी नेपाळ व्हिसा’ म्हणून पैसे घेणारी संकेतस्थळे आहेत, त्यांच्या नादाला लागू नका. भारतीय नागरिक नसलेला कोणी सोबत असेल (परदेशी नागरिकत्व घेतलेला मुलगा किंवा सून), तर त्याला मात्र व्हिसाचा नियम लागू होतो. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी सुटका नाही, कारण तो भारतीय पासपोर्ट नव्हे.

पासपोर्ट नाही. आधार कार्डावर जाता येईल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त लोकांना अडवणारा प्रश्न हाच. वय वर्षे १५ ते ६५ मधल्या माणसाला दोनच कागद बिनघोर चालतात: मुदतीत असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, वाहन परवाना, रेशन कार्ड यांपैकी एकही पुरेसे नाही. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांनाच आधारसारखे फोटो असलेले ओळखपत्र चालते.

१५ ते १८ वयाची मुले मधल्या मधे अडकतात. त्यांना मतदार कार्ड मिळत नाही आणि आधार चालत नाही. पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरावीक नमुन्यातला फोटोसह दाखला घ्यावा लागतो. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि मुख्याध्यापक गावी गेलेले असतात. दाखला परीक्षा संपायच्या आत मागून ठेवा.

कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर पती, पत्नी, लहान मुले आणि आई-वडील यांना नाते दाखवणाऱ्या दुसऱ्या फोटो-ओळखपत्रावर सवलत आहे. नियमात आहे खरी, पण विमानतळाच्या काउंटरवर या सवलतीवरून वाद घालण्यात विमान सुटते. प्रत्येकाचा स्वतंत्र कागद असलेला बरा.

मतदार कार्डाची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालेल?

त्यावर विसंबू नका, मूळ कार्ड न्या. हरवले असेल किंवा इतके झिजले असेल की फोटो ओळखू येत नाही, तर निवडणूक आयोगाचा फॉर्म ८ भरून नवे मागवा. पोस्टाने यायला काही आठवडे लागू शकतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधीच अर्ज करा.

तिकिटावर कुठले नाव घालायचे?

जे कार्ड हातात घेऊन जाणार त्यावरचे, अक्षरन् अक्षर तसेच. हा प्रश्न मुख्यतः महिलांचा. मतदार कार्डावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि सहल आयोजकाने आधारवरून तिकीट काढलेले. विमान कंपनीला हे पटवता येत नाही. पाटील-पाटील जमून जाईल, पण जाधवची शिंदे झाली असेल तर लग्नाचा दाखला जवळ असूनही वेळ जातो. आयोजकाला आधारची नव्हे, मतदार कार्डाची किंवा पासपोर्टची प्रत पाठवा.

पासपोर्टच काढून टाकावा का?

हाताशी दोन-तीन महिने असतील तर काढाच. कोल्हापुरात पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जायची गरज राहिलेली नाही. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये, तत्काळला वर आणखी २०००. पोलीस पडताळणी तुम्ही राहता त्या हद्दीतल्या ठाण्यातून होते. आधारवर गावचा पत्ता आणि राहायला राजारामपुरीत, असे असेल तर पडताळणी तिथेच अडकते. आधी पत्ता जुळवून घ्या.

काठमांडूहून पुढे दुसऱ्या देशात जायचे असेल तर पासपोर्ट हवाच. कैलास-मानसरोवरचे प्रकरण वेगळे आहे. तिथे पासपोर्ट आणि चीनचा गट-व्हिसा दोन्ही लागतात, या पानावरचे नियम त्या यात्रेला लावू नका.

कोल्हापूरहून कसे जायचे?

विमानाने जायचे तर उजळाईवाडीहून थेट काठमांडू नाही. मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढे त्रिभुवन विमानतळ. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर मधे किमान पाच-सहा तास ठेवा. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

रेल्वेने सोपा मार्ग म्हणजे गोरखपूर. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून रोजची काशी एक्स्प्रेस आहे, पुण्याहूनही गोरखपूरच्या गाड्या आहेत. गोरखपूर ते सोनौली सीमा साधारण शंभर किलोमीटर. बस आणि जीप भरपूर, अडीच-तीन तास धरा. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशातल्या धुक्याने गाड्या सहा-आठ तास सहज उशिरा धावतात, पुढचे आरक्षण त्याच दिवसाचे करू नका.

सोनौलीत चालत कमानीखालून पलीकडे गेले की बेलहिया, आणि पुढे चार किलोमीटरवर भैरहवा. लुंबिनी तिथून तासाभराच्या आत. काठमांडू मात्र भैरहवापासून अडीचशे किलोमीटरहून जास्त. आकडा बघून ‘पाच तासांत पोहोचू’ असे वाटते. घाट आणि रस्त्याची कामे यामुळे आठ ते दहा तास लागतात, पावसात किती ते विचारू नका.

गोरखपूर स्टेशनबाहेर ‘थेट काठमांडू’ म्हणून तिकीट विकणाऱ्यांपासून सावध राहा. अनेकदा ही गाडी सोनौलीपर्यंतच असते आणि पलीकडे गेल्यावर त्या तिकिटाला कोणी विचारत नाही. सीमेपर्यंतचे एक आणि पलीकडचे दुसरे, अशी दोन तिकिटे काढा.

आमची एमएच ०९ ची गाडी घेऊन जाता येईल?

येईल. कोल्हापूर ते गोरखपूर सतराशे-अठराशे किलोमीटर, म्हणजे दोन चालक आणि वाटेत दोन मुक्काम.

सीमेवर नेपाळच्या बाजूला भन्सार करावा लागतो. भन्सार म्हणजे तिथले जकात कार्यालय, आणि बोलण्यात त्याची पावतीही. किती दिवस राहणार ते सांगून दिवसाच्या हिशेबाने पैसे भरायचे. सोबत वाहतूक विभागाची परवानगी घ्यायची. मूळ आरसी, चालकाचा परवाना, विमा, पीयूसी आणि चालकाचे ओळखपत्र हाताशी ठेवा. गाडी भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर असेल तर मालकाचे संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत लागते. कर्जावरच्या गाडीसाठी बँकेचे ना-हरकत पत्र असलेले चांगले.

दिवस मोजताना एक जादाच धरा. दरड कोसळून अडकलात आणि भन्सारची मुदत संपली, तर परत येताना दंड भरावा लागतो. भारतीय खासगी गाडीला वर्षभरात एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे. पावती गाडीत जपून ठेवा, वाटेत पोलीस मागतात आणि बाहेर पडताना ती द्यावी लागते. सीमेवर सकाळी पोहोचा. संध्याकाळी रांगेत उभे राहिलात तर काम दुसऱ्या दिवसावर जाते आणि दलालाचे फावते.

विम्याकडे तर कोणी बघतच नाही. आपल्या वाहन विम्याचे क्षेत्र भारतापुरते असते. नेपाळ जोडून घेण्यासाठी विमा कंपनीकडून भौगोलिक विस्ताराची पुरवणी घ्यावी लागते, तिला विमा कचेरीत आयएमटी-१ म्हणतात. थोडा जादा हप्ता भरून मिळते. नसेल तर मुगलिंगच्या घाटात झालेल्या नुकसानीचा दावा इथे कोल्हापुरात उभा राहणार नाही.

पिवळ्या पाटीची बस किंवा टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर परवान्याचा खर्च आणि कागद वाढतात. ते काम गाडीमालकाने आधी करून घ्यावे. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन प्रवासी नेऊ नका.

गाडी चालवताना काय वेगळे आहे?

बाजू डावीच. फास्टॅगचा उपयोग नाही. दारू पिऊन चालवण्याबाबत काठमांडूचे पोलीस फार कडक आहेत. या तपासणीला तिथे ‘मापसे’ म्हणतात, आणि ‘एकच घेतली होती’ ही सबब चालत नाही. गाय हा नेपाळचा राष्ट्रीय पशू आहे. रस्त्यावर गाईला धक्का लागला तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाते, त्यामुळे तराईतल्या (सीमेलगतच्या सखल पट्ट्यातल्या) गावांतून वेग कमी ठेवा.

रात्री घाट चढू नका. २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण गेले, त्यांतले बहुतेक जळगाव जिल्ह्यातले यात्रेकरू. ती रात्रीची नव्हे, भर दिवसाची, पावसाळ्यातली घटना, म्हणजे पावसात दिवसाही धोका असतोच. तेव्हा जून ते सप्टेंबर रस्त्याने जाणे टाळा. जायचेच असेल तर दिवसाला एकच टप्पा ठेवा, आणि सलग वीस तास गाडी हाकणारा चालक असेल त्या सहलीला नाव देऊ नका.

पैसे कसे न्यायचे? पाचशेच्या नोटा चालतात का?

डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. ती सैल होण्याच्या बातम्या येत राहतात. पण बातमी दुकानदारापर्यंत पोहोचेलच असे नाही, म्हणून शंभराच्याच नोटा न्या. बँकेतून कोरे बंडल घ्या, कारण फाटक्या किंवा पेनने लिहिलेल्या नोटा तिथे नाकारतात.

दर पक्का आहे: भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. हा दर १९९३ पासून बदललेला नाही. दुकानात किंमत विचारली की ‘आयसी की एनसी?’ हे विचारून घ्या. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. ८०० ची शाल आयसीत घेतली तर १२८० एनसी मोजल्यासारखे होते. घासाघीस नेपाळी रुपयांत करा आणि सुट्टे पैसे परत घेताना कोणत्या चलनात मिळतात ते बघा. उरलेले नेपाळी पैसे सीमेच्या अलीकडे येण्याआधीच बदला, शाहूपुरीत ते कोणी घेणार नाही.

गुगल पे, फोन पे चालते का?

मार्च २०२४ पासून नेपाळमधल्या फोनपे कंपनीच्या क्यूआरवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. ही फोनपे म्हणजे आपले फोन पे ॲप नव्हे, नेपाळची वेगळी कंपनी आहे. नावातल्या या साम्याने बरेच जण गोंधळतात. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय निघण्यापूर्वी चालू करून घ्या. काठमांडू आणि पोखऱ्याच्या मोठ्या दुकानांत सोय आहे. मुक्तिनाथच्या वाटेवर, जोमसोमच्या रस्त्यावरच्या चहावाल्याकडे ती असेल असे धरून चालू नका.

डेबिट कार्डाचेही तसेच. नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. नेपाळ हा त्या हिशेबात परदेशच.

मोबाइलचे काय?

सीमेपलीकडे एक-दोन किलोमीटर भारतीय रेंज येते आणि मग जाते. आठवडाभराची सहल असेल तर एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉमचे सिम घ्या, ओळखपत्राची प्रत आणि फोटो लागतो. बँकेच्या ओटीपीसाठी भारतीय सिमचे रोमिंग कोल्हापुरातच सुरू करा, पलीकडे गेल्यावर सुरू करायला पुन्हा ओटीपीच लागतो.

पशुपतिनाथाच्या मंदिरात कोल्हापुरी पायताण घालून गेलो तर?

पायताण तर कुठल्याही मंदिराबाहेरच काढायचे. इथे मात्र चामड्याची कोणतीच वस्तू आत चालत नाही. पट्टा, पाकीट, चामड्याचे घड्याळाचे पट्टे, चामडी पर्स सगळे हॉटेलवर ठेवून या. मुख्य गाभाऱ्याच्या आवारात फोटो काढायला मनाई आहे. परदेशी पर्यटकांना लागणारे शुल्क भारतीय हिंदू भाविकांना लागत नाही. पूजेसाठी अडवून ‘विशेष’ दर सांगणारे भेटले तर मंदिराच्या काउंटरवर पावती फाडा. इथले मुख्य पुजारी परंपरेने कर्नाटकातून येतात, म्हणजे तसे आपल्या शेजारचेच. महाशिवरात्रीला गर्दी अफाट असते, वयस्कर माणसे सोबत असतील तर तो मुहूर्त सोडा.

मुक्तिनाथला सत्तर वर्षांच्या आईला नेता येईल का?

नेता येते, पण घाईने नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, पोखरा सव्वाआठशेच्या आसपास, आणि मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर. पोखऱ्याहून एका दिवसात जीपने वर आणि लगेच दर्शन, असा कार्यक्रम आखणाऱ्या सहली आहेत. शरीराला इतकी चढण एका दिवसात पचत नाही. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसली तर आणखी वर जायचे नाही. श्वास लागला, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरवायचे. गोळीने वेळ निभावून नेण्याचा हा प्रसंग नाही.

पोखरा ते जोमसोम रस्ता बेनी, तातोपानीवरून जातो. तातोपानी किंवा मार्फाला एक मुक्काम, जोमसोम (सुमारे २७०० मीटर) किंवा कागबेनीला दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शन, ही आखणी चांगली. परतताना त्याच दिवशी खाली या, मुक्तिनाथजवळच्या रानीपौवा गावात राहायची सक्ती नाही. उंचीवरच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून. बीपीची आणि मधुमेहाची औषधे दुप्पट दिवसांची आणि हातातल्या पिशवीत.

विमानाने पोखरा-जोमसोम वीस मिनिटांचे आहे. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी जोराचा वारा सुटतो, म्हणून विमाने सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. त्यामुळे मधे एक रिकामा दिवस ठेवावाच लागतो. विमानाने गेलात तर उंची एकदम वाढते हेही लक्षात ठेवा.

गाडी थांबते तिथून मंदिरापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत, तब्येतीप्रमाणे अर्धा तास लागतो. घोडे मिळतात. वर १०८ धारा आहेत आणि त्यांचे पाणी बर्फाचे. हृदयविकार असलेल्याने डोक्यावर थोडे शिंपडले तरी पुण्य कमी होत नाही, पळत १०८ धारांखालून जायचा आग्रह धरू नका.

हा सगळा भाग अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो. सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपयांचा परवाना लागतो, इतर परदेशीयांना ३०००. भारतीय आहोत हे दाखवायला कार्ड न्यायला विसरू नका.

शालिग्राम, रुद्राक्ष, मूर्ती आणता येतात का?

रुद्राक्ष, शाल, नवी पितळी मूर्ती यांची पावती घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेणे बेकायदा आहे, आणि नवी मूर्तीही जुनी दिसेल अशी केलेली असते. अशा वेळी पुरातत्त्व विभागाचा दाखला घेऊन देणारा दुकानदार बघा. काली गंडकीच्या पात्रात स्वतः शालिग्राम वेचत बसू नका, दुकानातून पावतीने घ्या.

येताना रक्सौल-वीरगंज मार्गाने परतणाऱ्यांसाठी वेगळे सांगायला हवे: बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. नेपाळमध्ये कायदेशीर घेतलेली बाटली रक्सौलला गाडीत सापडली तर तो गुन्हा आहे, गाडीही जप्त होते. ‘आम्ही महाराष्ट्राचे, नुसते जाणारे’ याने काही होत नाही.

मटण मिळते का हो तिथे?

मिळते. बोकडाला ‘खसी’ म्हणतात, आणि दशैंच्या म्हणजे आपल्या नवरात्राच्या दिवसांत तर घरोघरी. मोमो मागताना मात्र ‘चिकन’ किंवा ‘भेज’ असे स्पष्ट सांगा. ‘बफ’ म्हणजे म्हशीचे मांस, आणि ते सर्रास असते. तांबड्या-पांढऱ्याची अपेक्षा ठेवू नका. दाल-भात-तरकारी मात्र पोटभर वाढतात, आणि बहुतेक ठिकाणी भात-डाळ पुन्हा मागता येते. कांदा-लसूण चटणीचा डबा नेणारा माणूस चौथ्या दिवशी बसमध्ये सर्वांचा लाडका होतो. दशैंच्या मुख्य दिवसांत दुकाने बंद आणि गाड्या भरलेल्या असतात, त्या सुमारास जाणे टाळा.

ड्रोन नेऊ का?

नको. परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि ती मिळवायला आठवडाभराची सहल पुरत नाही.

घड्याळ, सुट्टी, तारीख?

नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे. साप्ताहिक सुट्टी शनिवारी. पावत्यांवर विक्रम संवत असते, म्हणजे आपल्या इसवी सनापेक्षा सुमारे ५७ ने जास्त. भन्सारच्या पावतीवरची मुदत वाचताना हेच विसरले जाते. शेवटचा दिवस कोणता, ते इंग्रजी तारखेत तिथल्या कारकुनाकडून पावतीच्या मागे लिहून घ्या.

कागद हरवले किंवा काही अडचण आली तर?

आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. मग काठमांडूत लैनचौर येथे भारतीय दूतावास आहे, तिथून परतीचा तात्पुरता दाखला मिळतो. त्यासाठी हरवलेल्या कार्डाची प्रत आणि दोन फोटो हाती असले की काम लवकर होते. म्हणून निघण्यापूर्वी सर्व कागदांची एक झेरॉक्स वेगळ्या पिशवीत, आणि एक प्रत घरी राहणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर.

पर्यटक पोलीस ११४४, पोलीस १००, रुग्णवाहिका १०२. सप्टेंबर २०२५ मध्ये आंदोलनामुळे काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि अनेक भारतीय हॉटेलांत अडकले. अशा वेळी गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची बातमी नव्हे, दूतावासाची सूचना बघा आणि हॉटेलातून बाहेर पडू नका. आपल्या इथल्या आरोग्य विम्याची कॅशलेस सोय सहसा सीमेपलीकडे चालत नाही. प्रवास विमा घेताना नेपाळ आणि मुक्तिनाथची उंची दोन्ही त्यात धरली आहेत का, ते वाचूनच हप्ता भरा.